शपथ पुरे, आता तास द्या : मराठी हायस्कुलांच्या मुख्याध्यापकांना खुलं पत्र

प्रति,
बेळगाव आणि चिक्कोडी शैक्षणिक जिल्ह्यांतील मराठी माध्यमाच्या हायस्कुलांचे मुख्याध्यापक आणि संस्थाचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

31 मे हा जागतिक तंबाखूविरोधी दिन. कर्नाटकात शाळा उघडतात मेअखेरीस. म्हणजे हा दिवस येतो तेव्हा निम्मी मुलं अजून आजोळी असतात, आलेल्यांच्या हातात पुस्तकं पडलेली नसतात आणि आपण सगळे दहावीच्या फेरपरीक्षा नि नव्या प्रवेशांत बुडालेले असतो. त्या गडबडीत प्रार्थनेनंतर हात पुढे करून शपथ होते, फोटो निघतो, फोटो वर पाठवला जातो आणि वर्षाचं काम झालं असं आपण धरून चालतो.

मी एका हायस्कूलला विज्ञान शिकवते. शाळेच्या ‘तंबाखू मॉनिटर’चं, म्हणजे शाळा तंबाखूमुक्त राहते का ते बघण्याचं, कामही माझ्याच गळ्यात पडलेलं आहे. (तुमच्या शाळेत हे काम कुणाकडे आहे ते जरा फलकावर वाचून बघा. बऱ्याचदा ज्याचं नाव असतं त्यालाच ते ठाऊक नसतं.) हे काम करताना जे दिसलं त्यावरून तुमच्याकडे एकच मागणं आहे. पोरांना व्हेपपासून, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या ई-सिगारेटपासून, लांब ठेवायचं असेल तर शपथ, फलक आणि दप्तरं उलटीपालटी करणं यावर भिस्त ठेवू नका. आठवी-नववीच्या वेळापत्रकात या विषयाला तास द्या, आणि ते तास मुलांनाच चालवू द्या.

फलकांचं आधी सांगते. केंद्र सरकारच्या तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्थांसाठीच्या सूचना 2019 मध्ये सुधारून आल्या. त्यांची एक गुणपत्रिका आहे. फाटकाजवळ फलक लावला, इतके गुण. कुंपणापासून शंभर यार्डांवर पिवळी रेषा मारली, इतके गुण. सहा महिन्यांतून एक कार्यक्रम केला, इतके. आवारात तंबाखू वापरल्याच्या खुणा नाहीत, इतके. यातलं काहीही टाकाऊ नाही, रेषेमुळे आमच्या फाटकासमोरची पानपट्टी खरोखर हलली. पण ‘खुणा’ म्हणजे काय, तर सिगारेटची थोटकं, रिकाम्या पुड्या आणि जिन्याच्या कोपऱ्यातल्या पिचकाऱ्या. व्हेपची थोटकं पडत नाहीत, पिचकारी उडत नाही, आणि वास यायचाच तर फळाचा येतो. पैकीच्या पैकी गुण मिळवलेल्या शाळेच्या स्वच्छतागृहात मधल्या सुट्टीत चार पोरं वाफ काढत असतील तर गुणपत्रिकेला त्याचा पत्ता लागत नाही.

ही वस्तू तुमच्यापैकी किती जणांनी हातात घेऊन पाहिली आहे? मी पाहिली ती एका नववीतल्या मुलाच्या कंपासपेटीतली. बोटभर लांबीची, जांभळ्या रंगाची, दुरून बघणाऱ्याला हायलायटर वाटावी अशी. एका टोकाला ओठात धरायची चपटी जागा, दुसऱ्या टोकाला बारीक भोक आणि ओढलं की पेटणारा निळा ठिपका. त्यावर छापील किंमत नव्हती, बनवणाऱ्याचा पत्ता नव्हता, सिगारेटच्या पाकिटावर असतं तसलं भीतिदायक चित्र नव्हतं. नाकाशी धरली तर उन्हाळ्यात दुकानात मिळणाऱ्या रंगीत पेप्सीचा वास. मुलगा मला मनापासून समजावत होता, “टीचर, यात तंबाखू नाही. नुसती फ्लेवरची वाफ हाय.” तो खोटं बोलत नव्हता. त्याला कुणीतरी तेच सांगितलं होतं आणि त्यानं ते खरं मानलं होतं.

आत असतं काय? प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन या दोन द्रवांत विरघळवलेलं निकोटीन, वर चवीची रसायनं. बॅटरीवर तापणारी तारेची गुंडाळी त्याचं धुकं करते. त्या तापण्यात फॉर्माल्डिहाइडसारखे पदार्थ तयार होऊ शकतात आणि तारेतले निकेल, क्रोमियमसारखे धातूही थोडेफार धुक्यात उतरतात. मला सगळ्यात घातक वाटते ती मात्र दुसरीच गोष्ट. बिडीचा पहिला झुरका घेणाऱ्याला ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं, घसा सोलून निघतो. त्या एका ठसक्यानं आपल्या गावातली कितीतरी पोरं बिडीपासून वाचली असतील. नव्या व्हेपमध्ये निकोटीन क्षाराच्या रूपात घालतात, बहुतेक वेळा बेंझोइक आम्ल मिसळून. त्यामुळे ते घशाला लागत नाही. पोराला ठसका न लागता मोठा डोस मिळतो आणि तोही फळाच्या चवीत. वय चौदा-पंधरा. मेंदूची जडणघडण पंचविशीपर्यंत चालू असते, म्हणून या वयात लागलेली सवय मोठ्या माणसाच्या सवयीपेक्षा लवकर जडते आणि सुटताना जास्त छळते. मग तासाला दोनदा “टीचर, जाऊन येऊ?” सुरू होतं, चिडचीड होते, गणितात लक्ष लागत नाही. आपण त्याला आळशी म्हणतो.

आता कायद्याचं. कर्नाटकनं ई-सिगारेटवर 2016 मध्येच बंदी आणली होती. सप्टेंबर 2019 मध्ये केंद्राचा अध्यादेश आला आणि त्याच वर्षअखेरीस त्याचा कायदा झाला. बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात करणं, सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसता साठा केला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय मुलाला तंबाखूचा पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या 77व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. हे मुद्दाम इतकं सांगितलं, कारण आपल्याकडे एखादा पोरगा सापडला की मुख्याध्यापकांच्या खोलीत पहिलं वाक्य ऐकू येतं, “पोलिसांत देऊ काय रे तुला?” या कायद्याचा रोख विकणाऱ्यावर आहे. वापरणाऱ्याला त्यात शिक्षा सांगितलेली नाही. ज्याला पकडायला हवं तो इन्स्टाग्रामवर बसून कुरिअरनं माल पाठवतो, नाहीतर कुणाचा तरी मोठा भाऊ गोव्याहून येताना खिशात घालून आणतो. चौघं-पाचजण वर्गणी काढतात, एकच वस्तू आळीपाळीनं फिरते. आणि दप्तराच्या तपासणीत सापडतो तो त्या दिवशी ज्याची पाळी होती तो.

तपासणीनंतर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. पालकांना फोन. शेतावरून किंवा कारखान्यातली पाळी सोडून वडील धावत येतात, सगळ्यांदेखत पोराच्या कानाखाली वाजवतात. पुढचं वाक्य ठरलेलं : “दाखला घेऊन जावा.” मुलगा दुसऱ्या शाळेत जातो, सवय त्याच्याबरोबर जाते. मागे राहिलेला वर्ग एक धडा पक्का शिकतो, की काहीही झालं तरी शिक्षकांना सांगायचं नाही. यानंतर त्या वर्गात कुणाला सोडायची इच्छा झाली तर तो जाणार कुणाकडे? सापडलेल्या पोराला शाळेबाहेर काढणं हा माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत वाईट निर्णय आहे, आणि आपण तो सगळ्यात पटकन घेतो.

भाषणांबद्दलही थोडं स्पष्ट बोलते. पाहुणे येतात, काळ्या फुप्फुसाची चित्रं दाखवतात, पोरं दोन मिनिटं गप्प बसतात आणि बाहेर पडताना नक्कल करतात. अमेरिकेत 1983 पासून ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम हजारो शाळांत चालला. गणवेशातले पोलीस वर्गात येऊन व्यसनांविषयी सांगायचे. पालक खूश, शाळा खूश, पोलीसही खूश. पुढे अभ्यास झाले तेव्हा दिसलं की मुलांच्या व्यसनांवर त्याचा टिकाऊ परिणाम जवळपास नव्हता.

उलट आपल्याच देशातलं उदाहरण बघा. दिल्ली आणि चेन्नईतल्या 32 शाळांत 2004 ते 2006 या काळात ‘मायत्री’ नावाचा प्रयोग झाला. सहावी आणि आठवीची मुलं घेतली आणि दोन वर्षं काम केलं. वर्गातले उपक्रम मुलांनी निवडलेले त्यांच्यातलेच म्होरके चालवत. पोस्टर, पालकांसाठीचे उपक्रम, मुलांनी स्वतः केलेला प्रचार असं सगळं जोडीला होतं. दोन वर्षांनी मोजलं तेव्हा ज्या शाळांत कार्यक्रम नव्हता तिथं तंबाखूचा वापर 68 टक्क्यांनी वाढला होता, ज्या शाळांत होता तिथं 17 टक्क्यांनी घटला होता. तो अभ्यास बिडी, सिगारेट आणि चघळायच्या तंबाखूचा होता, व्हेप तेव्हा आपल्याकडे आलाच नव्हता, हे मान्य. पण पहिल्यांदा वस्तू हातात देणारा दोस्त तोच असतो, लाज तीच असते, नाही म्हणायची पंचाईत तीच असते.

माझ्या वर्गात मी याचा छोटा अवतार करून बघितला. दोघांना पुढं उभं केलं. एकानं आग्रह करायचा, दुसऱ्यानं टाळायचं. बाकीच्यांनी निकाल द्यायचा, टाळणं जमलं की फसलं. मी मागच्या बाकावर बसले. “एक ओढ की बे, काय होत नाही.” टाळणारा पहिला म्हणाला, “नको, घरात वास येतोय.” वर्ग ओरडला, “फसलं! वास येत नाही त्याला!” दुसरीनं सांगितलं, “माझ्याकडं पैसे नाहीत.” तेही फसलं, कारण पहिला ओढा नेहमी फुकटच असतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. “टीचर रागावतील” याला नुसतं हसू मिळालं. शेवटी एक कबड्डी खेळणारा उठला, “उद्या मॅच हाय, दम लागला तर तू येणार हायस काय माझ्या जागी?” हे पास झालं. मग “नको म्हटलं ना, चल भडंग खाऊया” हेही पास झालं, कारण त्यात दोस्ती शाबूत राहते. यातलं एकही उत्तर मला सुचलं नसतं. पुस्तकात छापलं असतं तर एकाही पोरानं वापरलं नसतं.

त्याच तासाला मी विचारलं, तुमच्या वयाची शंभरातली किती मुलं ओढत असतील? चिठ्ठ्यांवर चाळीस, पन्नास, एका चिठ्ठीवर तर ऐंशी. मग फळ्यावर खरा आकडा लिहिला. 2019 च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या 13 ते 15 वयाच्या विद्यार्थ्यांपैकी कधीतरी एकदा तरी ई-सिगारेट ओढलेले होते 2.8 टक्के. कुठल्याही रूपात तंबाखू वापरणारे देशात 8.5 टक्के आणि कर्नाटकात 1.2 टक्के. आकडे काही वर्षांपूर्वीचे आहेत आणि मुलं सर्वेक्षणात सगळंच खरं सांगत नाहीत, तेही त्यांना सांगितलं. तरी वर्गातली कुजबुज बघण्यासारखी होती. “सगळेच ओढतात” या समजुतीवर निम्मा धंदा चालतो. आणि आपण व्यासपीठावरून “आजची पिढी व्यसनाच्या विळख्यात” म्हणतो तेव्हा तीच समजूत फुकटात पसरवतो.

निपाणी, चिक्कोडी भागातल्या मुख्याध्यापकांना वेगळं लिहायला हवं. तुमच्याकडं तंबाखू हे पीक आहे, वखार आहे, आयांच्या हातचं काम आहे. 1981 चं तंबाखू उत्पादकांचं आंदोलन आणि तेव्हाचा गोळीबार घराघरांत आठवणीत आहे. ज्या मुलाची फी बिड्या वळून भरली गेली त्याच्यापुढं “तंबाखू म्हणजे पाप” असं भाषण केलं तर तो एक तर मान खाली घालेल, नाहीतर कान बंद करेल. त्यापेक्षा त्याच्या घरचं ज्ञान वर्गात आणा. ओल्या पानांत दिवसभर काम केल्यावर चक्कर येते, मळमळतं, हे त्या घरांतल्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. निकोटीन कातडीतूनही अंगात शिरतं म्हणून ते होतं. तेच निकोटीन त्या जांभळ्या नळीत आहे, फक्त त्याला आंब्याचा वास लावलाय, हे निपाणीच्या पोराला एका वाक्यात समजेल. शहरातल्या पोराला समजावायला मला अर्धा तास लागतो.

भाषेबद्दल एकच गोष्ट, आणि कृपा करून याला सीमाप्रश्नाचं वळण देऊ नये. परिपत्रकं कन्नडमध्ये येतात, ती आपण वाचतो, उत्तरंही देतो. माझ्यापर्यंत पोचलेली पोस्टरं आणि पत्रकंही कन्नड नाहीतर इंग्रजीतच होती. कंग्राळी, येळ्ळूर किंवा खानापूरच्या आतल्या गावातल्या आठवीच्या मुलाला ती वाचता येतील, पण त्या भाषेत तो दोस्ताला नाही म्हणणार नाही. शिक्षण उपसंचालकांकडं मराठी आणि उर्दू शाळांसाठी वेगळं साहित्य मागणारं एक पत्र आपण सगळ्यांनी मिळून दिलं तर ते मागणं वाजवी ठरेल. ते येईपर्यंत थांबायची मात्र गरज नाही.

आपल्या शिक्षकखोलीचं काय? तासाला जाण्याआधी खिडकीशी उभं राहून तंबाखू मळणारे सर जवळपास प्रत्येक शाळेत आहेत. मुलं बघतात. बिहारमध्ये 72 सरकारी शाळांत शिक्षकांनाच तंबाखू सोडायला मदत करण्याचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2013 मध्ये आले. जिथं सहकाऱ्यांनी एकमेकांना धरून हे काम केलं तिथं सोडणाऱ्यांचं प्रमाण स्पष्टपणे जास्त होतं. तेव्हा मॉनिटरचं पहिलं काम शिक्षकखोलीतच करा, गाजावाजा न करता.

आधीच अडकलेल्यांसाठी काय करायचं, हा प्रश्न मुख्याध्यापकांच्या बैठकीत कुणी विचारत नाही. मदत केली तर उपयोग होतो. 13 ते 17 वयाच्या व्हेप ओढणाऱ्या अमेरिकन मुलांना मोबाइलवर धीर देणारे, युक्त्या सांगणारे संदेश पाठवण्याचा कार्यक्रम तपासून पाहिला, त्याचे निकाल 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. सात महिन्यांनी संदेश मिळालेल्या गटातली 37.8 टक्के मुलं सोडलेली होती, दुसऱ्या गटातली 28 टक्के. फरक डोळे दिपवणारा नाही, पण चालण्याजोगा आहे, आणि त्यात कुणाचा दाखला काढावा लागला नाही. आपल्याकडं तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे, 1800-11-2356. सिगारेटच्या पाकिटावर छापलेला असतो, शाळेत तो मला कुठंच लिहिलेला दिसला नाही. मन मोकळं करायचं असेल तर टेली-मानसचा 14416 आहे. दोन्ही नंबर स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला रंगवा. तिथं मूल एकटं असतं आणि वाचतंही.

स्वच्छतागृहात कॅमेरा बसवायची सूचना एका सभेत आली होती म्हणून लिहिते : कृपा करून नको. मुलींच्या पालकांना तोंड दाखवायला जागा राहणार नाही, आणि ओढणारी पोरं शाळेमागच्या शेतात जातील.

पालकसभेत मोबाइल आणि अभ्यासाबरोबर दहा मिनिटं या विषयाला द्या. वस्तू कशी दिसते ते चित्रासकट दाखवा. सापडली तर पहिल्या रात्री मारू नका, कुणी दिली ते आधी शांतपणे विचारा, एवढंच सांगा. विकणाऱ्याचं नाव कळलं तर तक्रार शाळेच्या नावानं जाऊ द्या, मुलाचं नाव कुठंही येऊ देऊ नका. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं ई-सिगारेटच्या तक्रारींसाठी 2023 मध्ये संकेतस्थळ सुरू केलं आहे आणि जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षही आहे. दुकानांच्या बाबतीत तर राज्याच्या दुरुस्तीनं तंबाखू विक्रीचं वय आता 21 केलं आहे. पलीकडं महाराष्ट्रातल्या शिनोळीत गेलं की ते 18 होतं, ही आपल्या सीमाभागाची खास सोय. व्हेपला मात्र गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटाच्या अलीकडं आणि पलीकडं एकच नियम आहे.

माझा हिशोब साधा आहे. आठवीला सहा तास, नववीला चार, सगळे शनिवारच्या सकाळच्या शाळेत. म्होरके मुलांनी चिठ्ठ्या टाकून निवडायचे, पहिल्या नंबरचे आणि वर्गमॉनिटर आपण होऊन लादायचे नाहीत. त्यांच्यात एक तरी जण मागच्या बाकावरचा हवा. पहिला तास जूनमध्ये नको, जुलैत घ्या, सगळी मुलं आलेली असतात. दाखल्याची धमकी त्या आधी लेखी मागे घ्या, नाहीतर तासात कुणी तोंड उघडणार नाही. हे दहा तास मी मराठीत लिहून काढले आहेत, प्रसंग पोरांच्याच भाषेत आहेत, काही शब्द तुम्हाला खटकतील. ज्या शाळेला हवेत तिनं मुख्याध्यापकांच्या पुढच्या बैठकीत माझ्याकडून झेरॉक्स घेऊन जावी. खटकलेल्या शब्दांवर काट मारण्याआधी एकदा नववीच्या वर्गाला विचारावं.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका, बेळगाव तालुका